साडेतीनचा वडापाव

मागच्या अंकात थायरॉइडबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात दुपारी दोन ते चार चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा सगळी वाचून काढली. निम्म्या पत्रांत वाढत्या वजनाबद्दल एकच वाक्य होतं, 'डॉक्टर, माझे हार्मोन्स बिघडलेत.' उरलेल्यांत त्याच्या नेमकं उलट, 'माझाच जिभेवर ताबा नाही.' मला दोन्ही वाक्यं अर्धीच खरी वाटतात. म्हणून या वेळी मोजकीच पत्रं घेतली आहेत, पण काहींची उत्तरं लांबली आहेत. संपादकांनी कात्री जपून चालवावी.

नमस्कार डॉक्टर. मी सातपूरला सीएनसी मशिनवर आहे. पाळ्या बदलत्या असतात. दिवसपाळीला डबा खाल्ला की संध्याकाळपर्यंत काही लागत नाही. रात्रपाळीला मात्र पहाटे साडेतीनला अशी भूक लागते की कॅन्टीनचे दोन वडापाव आणि चहा पोटात गेल्याशिवाय हात चालत नाही. तीन वर्षांत नऊ किलो वाढलो. बायको म्हणते, घरची भाजी-भाकरी जात नाही, मग वडापाव कसा जातो?
— एक वाचक, सातपूर

तुमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त आरोपी चुकलाय. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सुटतं. कोजिमा आणि कांगावा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. जेवणाआधी त्याची पातळी चढते, जेवलं की उतरते. 'पोटात कावळे ओरडतात' असं आपण म्हणतो ना, त्या कावळ्यांना ओरडायला लावणारं हेच.

त्याची एक खोड आहे. ते पोट रिकामं आहे की भरलेलं एवढंच बघत नाही, घड्याळही बघतं. माझी आई एकादशी कडक करायची, साबुदाण्याचा दाणासुद्धा नाही. साडेअकराच्या सुमाराला म्हणायची, 'आता डोळ्यांपुढे अंधारी येतेय.' तासाभराने विचारावं तर, 'गेली बाई भूक.' खाल्लं तर काहीच नव्हतं! लहानपणी मला तो देवाचा चमत्कार वाटायचा. पुढे वाचण्यात आलं की उपाशी माणसातही घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळी चढतं आणि काही न खाता आपोआप उतरतं. तुम्ही तीन वर्षं ठरलेल्या वेळी वडापाव देत आलात, आता ते त्या वेळेला हजर होणारच.

पण मला तुमच्या वडापावापेक्षा तुमच्या झोपेची जास्त काळजी वाटते. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. सकाळी आठला घरी येत असाल, आंघोळ-नाश्ता करून दहाला आडवे होत असाल. मग भंगारवाला ओरडतो, बेल वाजते, मुलं शाळेतून येतात. चार-पाच तास पडले तर नशीब. शिकागोमध्ये २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपलेल्या दिवसांच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. भूक वाढली ती कशाची? गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. काकडीची कुणाला आठवण झाली नाही. तुम्हाला पहाटे भाकरी नको आणि वडापाव हवा, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

वर आणखी एक भानगड. रात्री इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर उतरवणाऱ्या संप्रेरकाचं, काम मंदावतं. तोच पाव दुपारी खाल्ला तर साखर जितकी चढते, त्याहून पहाटे जास्त चढते. वडापाव तोच, पण वेळ वैऱ्याची.

तेव्हा पाळीला निघण्यापूर्वी रात्री नऊला नीट जेवा, डाळ-उसळ असलेलं जेवण. साडेतीनला उपाशी राहू नका, त्याने काही साधत नाही. दोन उकडलेली अंडी, नाहीतर मुठभर फुटाणे-शेंगदाणे आणि ताक असा छोटा डबा ठेवा. प्रथिनांनी घ्रेलिन जास्त वेळ दबून राहतं. घरी आल्यावर खोलीला जाड काळा पडदा, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. हा सल्ला खरं तर सौभाग्यवतींसाठी आहे. त्यांनी वडापावावर नजर ठेवण्यापेक्षा दुपारच्या शांततेवर ठेवली तर उपयोग जास्त. मी इंटर्न असताना रात्रीच्या ड्यूटीत एका बैठकीला क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचे, त्यामुळे तुम्हाला उपदेश करायला माझं तोंड तसं नाहीच.

डॉक्टर ताई, वय ४६. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या बाईंकडून डबे-पावडरीचा कोर्स घेतला. सहा महिन्यांत ७४ वरून ६३ वर आले. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर चौदा महिन्यांत ७६ झाले. सासूबाई म्हणतात, 'बसून बसून सुटलीस.' माझीच चूक. आता तर कमी खाल्लं तरी वजन हलत नाही आणि दिवसभर खाण्याचेच विचार. चाळिशीनंतर मेटाबॉलिझम संपतो का?
— एक वाचक, सिडको

ताई, पूर्ण पत्रात 'माझी चूक' तीन वेळा आलंय. मी मोजलं.

आपण नाशिककर जुलै उजाडला की पेपरात आधी गंगापूर धरणाचा साठा बघतो. साठा घसरला की पाणीकपात आलीच. शरीरातही असंच एक पाणीपुरवठा खातं आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. चरबी जेवढी, लेप्टिन साधारण त्या प्रमाणात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा आकडा वाचतो आणि ठरवतो, भूक किती द्यायची, ऊर्जा किती खर्चायची. तुमचे ११ किलो उतरले तेव्हा या खात्याला आनंद झाला नाही. साठा घसरलाय, दुष्काळ आलाय, एवढंच त्याला कळलं. लगेच दोन हुकूम सुटले. एक, भूक वाढवा. दोन, कपात करा. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक थोडं खाली येतं, स्नायू तेच काम कमी ऊर्जेत उरकायला लागतात. तुम्ही कमी खाताय आणि काटा हलत नाही, यात ही कपात आहे.

ही गोष्ट कळली ती उंदरांमुळे, आणि मला ती इतकी आवडते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मतः अतिलठ्ठ उंदरांचे दोन वाण होते. दिसायला जवळजवळ सारखे. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शिवून जोडले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात फिरावं. एका वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला तर साध्याने खाणंच सोडलं, उपासमारीने मेला. दुसऱ्या वाणाचा जोडला तर तो लठ्ठच कमी खायला लागला. कोलमन म्हणाले, रक्तातून एक निरोप जातो आहे. दुसऱ्या वाणाला तो निरोप तयारच करता येत नाही, पहिल्याला तो ऐकू येत नाही. तेव्हा फार थोड्यांनी मनावर घेतलं. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी तो जनुक शोधला आणि त्या निरोपाला नाव मिळालं, लेप्टिन. ग्रीकमध्ये लेप्टोस म्हणजे सडपातळ.

मग झालं काम, असं जगाला वाटलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडं सापडली, जन्मापासून लेप्टिन नसलेली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर वर्षभरात तिचे १६ किलो उतरले, खाण्यासाठीचा आकांत थांबला. मुलीला आतून ओढ लागत होती, हावरटपणा नव्हता, हे तेव्हा सिद्ध झालं. पण आपल्यासारख्यांना तेच इंजेक्शन दिलं तर फारसा फरक पडला नाही. कारण वजन जास्त असलेल्या बहुतेकांत लेप्टिन मुळातच भरपूर असतं. धरण ओसंडून वाहतंय, खात्यात फोन कुणी उचलत नाही! दुष्काळाचा फोन मात्र पहिल्या रिंगला उचलतात. माझी तक्रार आहे ती या खात्याच्या याच स्वभावाबद्दल.

तुमच्यासारखाच अनुभव ऑस्ट्रेलियात मोजला गेला. ५० जणांना दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवलं, सरासरी साडेतेरा किलो उतरले. वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं तर लेप्टिन अजून खाली, घ्रेलिन अजून वर, आणि भूक सुरुवातीपेक्षा जास्त. २०११ मध्ये हे छापून आलं. कोर्सच्या डब्यावर ते कुणी छापत नाही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. नाही पटलं तरी ऐकतील तरी.

चाळिशीबद्दल. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त माणसांचा ऊर्जाखर्च एकत्र मांडला गेला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत तो जवळपास सपाट निघाला. घसरण साठीनंतर. मग चाळिशीत पोट का सुटतं? स्नायू घटतात, चालणं घटतं, आणि पाळी जाण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलं की मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे वळते. पाळी पुढे-मागे होतेय असं तुम्ही लिहिलंय, त्याचा इथे संबंध आहे.

आता करायचं काय? ६३ विसरा. ७६ चे ७२ करा, सहा महिने घ्या. पाच टक्क्यांनीसुद्धा साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी यांत फरक पडतो. मग वर्षभर तिथेच थांबा. खाली नाही आलं तरी चालेल, वर जाऊ द्यायचं नाही. आठवड्यातून दोनदा तरी जोर लागेल असा व्यायाम. पाण्याच्या बाटल्या उचला, भिंतीला टेकून जोर काढा, खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठा. मी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारते, तिथे बायका तासभर चालतात, गप्पाही छान होतात, पण स्नायूंना त्याने विशेष काही कळत नाही. प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडं, मटकी यांतलं काहीतरी भरपूर. आणि त्या ओळखीच्या बाई पुन्हा आल्या तर चहा पाजा, पावडर घेऊ नका.

थायरॉइडची गोळी दोन वर्षं चालू. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आलं, वजन काही उतरत नाही. गोळी सकाळी चहाबरोबर घेते, लगेच कॅल्शियमची पण. डोस वाढवावा का?
— एक वाचक, नाशिकरोड

नको. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते साडेचार किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. बाकीचं त्याच्या नावावर लिहू नका, बिचारी ग्रंथी आधीच बदनाम आहे. मात्र गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. आणि एक मेख लक्षात ठेवा. तुमचा आत्ताचा डोस चहाबरोबर घेऊनच जुळवला गेलाय. सवय बदलल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

राम राम. निफाडला द्राक्षबाग आहे. वय ४१, उंची पाच फूट पाच, वजन ६१. गोड फार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी चक्कर आली म्हणून तपासलं, उपाशीपोटी साखर १६८! पुन्हा केली, तीच. आमच्यात सगळे बारीक. शुगर जाड्या माणसाला होते ना? आणि आता स्वतःच्या बागेतली द्राक्षं खायची नाहीत का?
— एक वाचक, निफाड

राम राम भाऊ. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.४ येतो. यावरून एक फोटो आठवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली तो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे तुमच्या बरोबरीचा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. वजनकाटा दोघांना सारखा म्हणतोय आणि आतला माल वेगळा! याज्ञिकांनीच पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला ३.५. आपली बाळं हाताला हडकुळी लागतात, पण कमी असतो तो मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून असते.

चरबी म्हणजे नुसतं कोठार असं वाटत असेल तर तसं नाही, ती स्वतःच एक ग्रंथी आहे. ॲडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक ती सोडते, त्याने इन्सुलिनचं काम सोपं होतं. पोटात आतड्यांभोवती चरबी साठली की हेच ॲडिपोनेक्टिन कमी होतं. शिवाय तिथली चरबी विरघळली की थेट यकृताच्या दारात जाते. यकृत चरबीने भरलं की इन्सुलिनला जुमानत नाही, रात्रभर साखर बनवत राहतं, आणि सकाळी तुमचा रिपोर्ट १६८ येतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं सांभाळून घेतं, मग थकतं.

पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो. बेंबीच्या रेषेत टेप लावा, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर ही हद्द, बायकांना ८०. आणि पूर्वी वडील पायी बाग फिरायचे, तुम्ही बांधापर्यंत मोटारसायकलने जाता की नाही, हे मला कळवायची गरज नाही, स्वतःला कळवा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या, डोळे आणि लघवी तपासा. साखर दोनदा एवढी आलीय, तेव्हा औषध लागेल. 'बघू पुढच्या हंगामात' नको.

द्राक्षांचं म्हणाल तर तुमच्याकडे गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असेलच. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर, हे तुम्ही मला शिकवाल. दहा-बारा मणी जेवणाबरोबर खा. बागेत फिरता फिरता तोडून तोंडात टाकलेली द्राक्षं मोजली जात नाहीत, खरी गडबड तिथे आहे. ज्यूस नको, आणि मनुके म्हणजे वाळवलेली साखरच.

मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलंय. वय २४, उंची १५८, वजन ६६. ते आठवड्याचं भूक कमी करायचं इंजेक्शन सगळे घेताहेत. तीन महिने घेतलं तर चालेल ना? मैत्रिणीच्या मुलीने ऑनलाइन मागवलं.
— एक वाचक, इंदिरानगर

पत्र आईचं आहे. मुलीला काय हवंय ते त्यात नाही, एवढं मी आधी नोंदवते.

इंजेक्शन भोंदू नाही. जेवण आतड्यात पोचलं की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला सांगतं इन्सुलिन सोड, जठराला सांगतं सावकाश रिकामं हो, मेंदूला सांगतं पुरे. आपलं मूळ संप्रेरक एक-दोन मिनिटांत तुटून जातं. अमेरिकेतल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याचा टिकाऊ भाऊबंद सापडला आणि त्यावरून २००५ मध्ये पहिलं औषध आलं, मधुमेहासाठी. आता आठवडाभर टिकणारी औषधं आहेत. त्यांतल्याच सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. माझ्या काही पेशंटना मी स्वतः लिहून देते, आणि 'डॉक्टर, डोक्यातला खाण्याचा गोंगाट थांबला' असं सांगताना एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय.

पण त्या चाचणीतल्या लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात दोन तृतीयांश वजन परत आलं. वरच्या सिडकोच्या ताईंचं पत्र वाचलंत ना, तेच धरण, तेच खातं. तीन महिन्यांचा कोर्स ही कल्पनाच या औषधाला लागू नाही. बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखं दुखणं, अशांसाठी ते आहे. तुमच्या मुलीचा २६.४. मळमळ, उलट्या, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह, हे सगळं मेंदी-हळदीच्या आठवड्यात कशाला? आणि जे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल ते असं, की दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करावं लागतं. लग्न मेमध्ये आहे, हिशेब तुम्हीच करा. ऑनलाइन आलेलं, वाटेत थंड राहिलं की नाही हे माहीत नसलेलं पेन तर घरातच आणू नका.

मुलीची पाळी नियमित नसेल, हनुवटीवर केस येत असतील तर तिला माझ्याकडे किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा, एकटीला, तो विषय वेगळा आहे. तसं काही नसेल तर ब्लाउज टाकायला जाल तेव्हा शिंप्याला आतून दोन इंच माया ठेवायला सांगा.